समुद्रावर राहायला जुनी शिडाची बोट घेताना

मलेशियातल्या लंगकावी बेटावर कुआ गावातल्या लाँड्रीत कपडे टाकायला गेलं, तरी भिंतीवर ‘बोट विकणे आहे’चे चार-पाच कागद चिकटवलेले दिसतात. एक फोटो, फुटांत लांबी, बांधल्याचं साल आणि खाली फोन नंबरच्या कापलेल्या पट्ट्या. एखाद्या कागदाच्या सगळ्या पट्ट्या तशाच लोंबत असतात आणि कागद पिवळा पडलेला असतो. बोटीचा मालक बहुधा साठी-सत्तरीचा, ऑस्ट्रेलियाकडून इंडोनेशियामार्गे आलेला. इथून पुढे हिंदी महासागर ओलांडायचा तर एक वाट तांबड्या समुद्राची, दुसरी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची. पहिल्या वाटेवर २०१०च्या आसपास सोमाली चाचे होते आणि २०२३च्या अखेरीपासून येमेनच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रं सुटू लागली. दुसरी वाट लांब आणि खवळलेली. गुडघे कुरकुरतात, घरी नातवंडं झालेली असतात. मग हा गृहस्थ नांगर, सौर पॅनेल, डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी), अगदी चहाच्या कपांसकट बोट विकायला काढतो.

म्हणून समुद्रावर राहण्याजोगी जुनी बोट शोधणाऱ्या मराठी माणसाला मी आधी लंगकावी सुचवतो. मलेशियाचं हे बेट १९८७पासून करमुक्त आहे, त्यामुळे बोटीचे सुटे भाग मागवताना जकातीचा भुर्दंड बसत नाही. शिवाय बेट विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंशांवर असल्याने मोठी चक्रीवादळं सहसा तिथवर येत नाहीत. पुढे जे सांगतो आहे ते ग्रीस, तुर्कस्तान किंवा त्रिनिदादलाही तितकंच लागू पडेल.

आम्ही नवरा-बायको एका ३७ फुटी बोटीवर राहतो. त्याआधी एका बोटीच्या व्यवहारात चांगलाच हात पोळला होता, ते पुढे येईल. त्यातून एक गोष्ट कळली: जुनी बोट घेताना आपण फायबर आणि पोलाद कमी, आधीच्या मालकाच्या सवयी जास्त विकत घेत असतो. त्यामुळे बोट बघताना माणूसही बघायचा.

पहिली पायरी: आधी दुसऱ्याच्या बोटीवर राहा

पैसे बाजूला काढण्याआधी निदान आठवडाभर कोणाच्या तरी बोटीवर राहून या. मरिनात, म्हणजे भाडं देऊन बोट ठेवायच्या धक्क्यावर, बांधलेल्या बोटीवर नाही, नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटीवर. तिथे भाजी आणायची तर डिंगी पाण्यात सोडावी लागते, आंघोळीला दोन तांबे पाणी मिळतं, संडासाचा पंप हाताने मारावा लागतो आणि रात्री वारा फिरला की उठून नांगर सरकत नाही ना ते बघावं लागतं. हे ज्याला आवडतं त्याला पुढचं सगळं जमतं. दोघांनी राहायचं असेल तर दोघांना आवडायला हवं. एकाची हौस आणि दुसऱ्याची तडजोड अशी जोडी बोटीवर फार दिवस टिकलेली मी पाहिलेली नाही.

शिडं हाताळायला भारतातच शिका. मुंबईत गेटवेसमोरच्या पाण्यात छोट्या बोटींवर जे हाताला बसतं ते मोठ्या बोटीवर महिनोन्‌महिने घालवूनही बसत नाही. छोटी बोट चूक झाली की लगेच भिजवते. मोठी बोट चूक पोटात ठेवते आणि नेमकी वाईट वेळी बाहेर काढते.

दुसरी पायरी: किती मोठी, कोणत्या घडणीची

दोन माणसांसाठी ३३ ते ४० फूट पुरे. प्रत्येक नवख्याला ४५ फुटी हवी असते, कारण फ्लॅट घेतल्यासारखा तो चौरस फुटांत विचार करतो. पण लांबी थोडी वाढली की शिडावरचा ताण, नांगराचं वजन, तळाच्या रंगाचे डबे आणि मरिनाचं भाडं त्याहून बरंच जास्त वाढतं. रात्री दोन वाजता वारा चढला आणि जोडीदार झोपलेला असला, तर मोठं शीड एकट्याला खाली घेता आलं पाहिजे. हीच कसोटी लावा.

घडणीबद्दल नाक्यानाक्यावर वाद चालतात. जुन्या वळणाच्या बोटींना लांब कील असते, म्हणजे आपल्याकडचे सुतार ज्याला पठाण म्हणतात तो कणा नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत सलग जातो. अशी बोट जड, हळू आणि बंदरात मागे घेताना हट्टी, पण समुद्रात सरळ चालते आणि माणसाला आपटत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या ‘सुहेली’तून १९६८-६९मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारणारा पहिला माणूस ठरला, ती याच वळणाची ३२ फुटी बोट. ती मुंबईत सागवानात बांधलेली होती. तिला ३१२ दिवस लागले. ज्या मूळ आराखड्यावरून ‘सुहेली’ झाली, त्याच कुळातली फायबरची ‘वेस्टसेल ३२’ अमेरिकेत १९७०च्या दशकात शेकड्यांनी बांधली गेली. त्यांतली ‘सटोरी’ १९९१च्या मोठ्या वादळात सापडली. तटरक्षकांनी माणसं उचलली, बोट तशीच सोडून दिली, आणि ती पुढे मेरीलँडच्या वाळूवर लागलेली सापडली. माणसांआधी बोट हार मानत नाही असं जे म्हणतात त्याचं हे नमुनेदार उदाहरण.

दुसऱ्या टोकाला अलीकडच्या रुंद, हलक्या, बोल्टने कील जोडलेल्या बोटी आहेत. त्या वेगाने जातात आणि आत प्रशस्त असतात. महासागर त्यांनीही ओलांडलेत, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण भाड्याने चालवलेल्या, म्हणजे चार्टरच्या बोटीपासून जपा. तीन केबिन, दोन-तीन संडास, आणि पाण्याची टाकी, सामानाची कपाटं मात्र आठवड्याच्या सहलीपुरती. आतला दिवाणखाना इतका मोकळा की बोट कलली तर धरायला काही नाही. तिथे बरगडी मोडते.

या दोन टोकांमधल्या बोटी बघाव्यात असं माझं मत. बॉब पेरीने आखलेली तैवानची ‘तायाना ३७’ राहायला सुरेख आहे. इंग्लंडची ‘कॉन्टेसा ३२’ आत जरा अरुंद, पण १९७९च्या फास्टनेट शर्यतीतल्या भयानक वादळात तिच्या गटातली शर्यत पुरी करणारी एकमेव बोट हीच होती. युरोपात १९९८नंतर विकलेल्या बोटींवर श्रेणीची पाटी असते. ‘ए’ म्हणजे महासागर: बोफर्टच्या मापाने आठपेक्षा जास्त बळाचा वारा आणि चार मीटरहून मोठ्या लाटा धरून केलेली बांधणी. ती पाटी कारखान्यातून बाहेर पडतानाची आहे, आजची नाही, हे मात्र विसरू नका.

लाकडी बोट लाकडावर प्रेम असेल तरच घ्या. पोलादी घ्यायची तर गंजाशी रोज दोन हात करायची तयारी ठेवा. फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेली, बोट कितीही स्वस्त मिळाली तरी नको, विमा काढताना आणि पुढे विकताना दोन्ही वेळा रडवते.

तिसरी पायरी: पैशाचे तीन ढीग

जवळ आहेत ते सगळे पैसे बोटीत घालू नका. खलाशांचा ठोकताळा असा: निम्म्याहून थोड्या जास्त रकमेत बोट घ्यायची, पाव हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला आणि उरलेला अडीअडचणीला ठेवायचा. त्यापुढे दरवर्षी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के देखभालीला जातात, हा दुसरा ठोकताळा. बोट जितकी स्वस्त तितका हा टक्का फसवा, कारण डोलकाठीच्या तारा बोटीची किंमत विचारून महाग-स्वस्त होत नाहीत.

जाहिरातीतल्या यादीला भुलायचं नाही. दहा वर्षं जुना चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा), ‘नवीन’ म्हणून लिहिलेल्या पण तीन वर्षं वापरलेल्या बॅटऱ्या, गाद्यांच्या नव्या खोळी, या सगळ्याला किंमत शून्य धरा. किंमत आहे ती शिडांना, तारांना, इंजिनाला, नांगर-साखळीला आणि वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूला. बोटीच्या पाठीमागे हे सुकाणू, म्हणजे विंडव्हेन, असेल तर मालक खरोखर लांब गेलेला आहे असं समजा. वीज न खाता दिवसरात्र सुकाणू धरणारा तो तिसरा खलाशी आहे.

चौथी पायरी: पहिली भेट

आत शिरल्यावर दोन मिनिटं काही बोलू नका, नुसता वास घ्या. बंद कपाटं उघडून नाक आत घाला. ओल्या चादरीसारखा वास म्हणजे डेक गळतो. डिझेलचा वास म्हणजे टाकी किंवा नळी झिरपते. संडासाचा वास येत असेल तर गरम ओलं फडकं त्या नळीवर घासून फडकं हुंगा. फडक्याला वास लागला तर नळीच मुरली आहे, कितीही धुतली तरी जायची नाही, बदलावी लागेल.

मग तळाच्या फळ्या उचला. सगळ्या. बिल्ज, म्हणजे बोटीचा सर्वांत खोल भाग, जिथे सांडलेलं सगळं जमतं, मालकाच्या सवयींचं प्रगतिपुस्तक तिथेच असतं. कोरडी आणि धूळ असलेली बिल्ज पाहिली की माझा जीव भांड्यात पडतो. पाणी असेल तर ते खारं की गोडं हे शोधा. गोडं म्हणजे पावसाचं किंवा टाकीचं, खारं म्हणजे कुठून तरी समुद्र आत येतो आहे.

आता डेक. फायबरच्या बोटीचा डेक बहुधा सँडविचसारखा असतो, वर-खाली फायबर आणि मध्ये बाल्सा किंवा प्लायवूड. जिथे जिथे स्क्रू मारलाय तिथून पाणी आत जातं आणि मधलं लाकूड लगद्यासारखं होतं. प्लास्टिकची छोटी हातोडी घेऊन डेकभर टकटक करत फिरा. टणक आवाज आला तर ठीक. बोदा, मेलेला आवाज आला तिथे खडूने गोल करा. शेवटी खडूचे गोल किती झाले ते मोजा. मालक वैतागेल, वैतागू दे. सागवानी पट्ट्या लावलेला डेक दिसायला देखणा, पण त्यात शेकडो स्क्रू असतात आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे गळतीला दिलेलं आमंत्रण. जुन्या तैवानी बोटींत हे फार दिसतं. तिथे डिझेलची टाकी काळ्या लोखंडाची आहे का तेही विचारा. असेल तर ती आज ना उद्या गळणारच, आणि बाहेर काढायला आतलं फर्निचर तोडावं लागू शकतं.

डोलकाठी उभी असते ती पोलादी तारांच्या जोरावर. या तारा दहा-बारा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर बहुतेक विमा कंपन्या बदलून मागतात. तारेचं टोक जिथे धातूच्या नळीत दाबून बसवलेलं असतं तिथे भिंगाने बघा आणि कापडाचा बोळा तारेवरून फिरवा. एक जरी तंतू तुटला असेल तर कापड अडकतं. तारा बोटीला ज्या पट्ट्यांनी जखडलेल्या असतात त्यांना चेनप्लेट म्हणतात. त्यांचा डेकमधून जाणारा भाग डोळ्यांना दिसत नाही आणि स्टेनलेस स्टील हवा न मिळता ओलं राहिलं की आतून भेगाळतं. आतल्या लाकडावर त्या जागी तपकिरी ओघळ असेल तर एक चेनप्लेट काढून दाखवायला सांगा. मालकाने नकार दिला तर तेच त्याचं उत्तर.

आणखी एक, जे मला एका ऑस्ट्रेलियन आजोबांनी शिकवलं: संडासाचं दार लावून बघा. डोलकाठी डेकवर उभी असेल तर तिचा भार खालचा खांब पेलतो. खांबाखालचं लाकूड कुजलं की डेक खचतो आणि शेजारच्या दाराची चौकट वाकडी होते. दार अडकतं.

कील बोल्टने जोडलेली असेल तर बोट बाहेर काढल्यावर कील आणि तळाच्या सांध्याची पुढची बाजू नीट बघा. तिथे फाकलेली रेघ, गंजाचा ओघळ, आत केबिनच्या तळाशी आडव्या-उभ्या पट्ट्यांत भेगा, ही बोट कधीतरी खडकावर चढल्याची लक्षणं. तळावर पाण्याचे फोड दिसले तर लगेच घाबरू नका. फायबरला फोड येणं हा त्वचारोग आहे, जीवघेणा आजार नव्हे. त्यावर भाव मात्र पाडता येतो.

पाण्याखालच्या प्रत्येक भोकावर झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. प्रत्येक झडप हाताने उघडून-बंद करून बघा. अडकलेली झडप असणं आणि नसणं सारखंच. झडप पितळी असेल तर नखाने खरवडा. आत गुलाबीसर रंग दिसला तर जस्त निघून गेलंय आणि ती झडप हाताने तुटू शकते. ब्राँझची झडप बोटीपेक्षा जास्त टिकते.

लंगकावीत बघताना दोन जादा प्रश्न विचारा. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत तिथल्या रेबाक आणि तेलागा या दोन्ही मरिनांचं मोठं नुकसान झालं होतं. तेव्हा बोट कुठे होती? आणि मार्च २०२० ते एप्रिल २०२२ या काळात कोविडमुळे मलेशियाच्या सीमा बंद होत्या, तेव्हा मालक बोटीवर होता की आपल्या देशात? दोन वर्षं बंद पडून राहिलेली बोट रोज वापरलेल्या बोटीपेक्षा जास्त म्हातारी होते. शिडांची शिवण उन्हाने जळते, डिझेलमध्ये शेवाळासारखी बुरशी धरते, रबराचा प्रत्येक तुकडा कडक होतो. कोकणात आगोटीच्या वेळी होड्या ओढून, शाकारून ठेवतात, नारळी पौर्णिमेला पाण्यात घालण्याआधी निगुतीने दुरुस्त करतात. त्या निगुतीतलं काहीच या बोटींच्या वाट्याला आलेलं नसतं.

शिवाय मलाक्काच्या पट्ट्यात विजा फार पडतात. वीज पडली होती का, हे स्पष्ट विचारा. सगळं इलेक्ट्रॉनिक सामान एकाच सालातलं असेल तर न विचारताच कळतं.

पाचवी पायरी: इंजिन

बोट बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, ‘इंजिन सुरू करून ठेवू नका.’ गेल्यावर हात लावून ते थंड आहे ना बघा. थंड डिझेल इंजिन एक-दोन सेकंदांत सुटलं पाहिजे. मग मागच्या नळीकडे पळा. पाणी फुटक्या नळासारखं उडत यायला हवं. निळा धूर राहिला तर इंजिन तेल जाळतंय, काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, इंधन जास्त जातंय किंवा बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यावर शंखशिंपले बसलेत, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर मेकॅनिकला बोलवा. किती तास चाललंय हा आकडा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. १९८०च्या दशकातलं, ५००० तास चाललेलं पण दर शंभर-दीडशे तासांनी तेल बदललेलं इंजिन मी डोळे झाकून घेईन. आठ वर्षांत ३०० तासच चाललेलं इंजिन बघून मात्र शंका येते. मालकाची वही मागा. तेल कधी बदललं, फिल्टर कधी बदलला याच्या तारखा पेनाने लिहिलेली मळकी वही ही मोठी ठेव आहे.

इंजिनाखालून थेट पाण्यात उतरणारा सेलड्राइव्ह असेल तर त्याचा रबरी पडदा कधी बदलला तेही विचारा. साधारण सात वर्षांनी तो बदलायचा असतो आणि त्यासाठी बोट बाहेर काढावी लागते.

सहावी पायरी: घर म्हणून

समुद्रात झोपायला पुढच्या टोकाचा मोठा पलंग कुचकामी आहे, तिथे लाटेबरोबर माणूस छताला लागतो. बोटीच्या मध्यभागी, कडेला, आडवं पडल्यावर अंग घट्ट बसेल अशी अरुंद जागा हवी, शेजारी कापडी कठडा बांधायला कड्या हव्यात. ओटा इंग्रजी यू अक्षरासारखा असेल तर स्वयंपाक करताना कुठेही कललं तरी टेकता येतं. शेगडी झुलती पाहिजे.

आपला प्रेशर कुकर ही तर दर्यावरची राजेशाही वस्तू. झाकण बंद म्हणजे भात सांडत नाही, गॅस वाचतो, केबिन तापत नाही. मी पाहिलेले गोरे खलाशी आता भारतीय कुकर शोधत फिरतात. गॅसबद्दल मात्र चेष्टा नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की बिल्जमध्ये जाऊन बसतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडरचं कपाट केबिनपासून पूर्ण वेगळं आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असलंच पाहिजे.

विजेचा हिशोब फ्रिजवर बसतो. उष्ण कटिबंधात छोटा बोटीचा फ्रिज दिवसाला बारा व्होल्टवर पन्नास ते सत्तर अँपिअर-तास खातो, बाकी सगळं त्या मानाने किरकोळ. ४०० वॉटची पॅनेलं असतील तर पावसाळा सोडून दोघांचं भागतं. पाणी काटकसरीने वापरलं तर दोघांना दिवसाला २० ते ३० लिटर लागतं. ३०० लिटरच्या टाकीवर दहा-पंधरा दिवस निघतात. वीज आणि पाणी यांपैकी एकच वाढवता येत असेल तर मी वीज वाढवेन, पाऊस धरता येतो.

नांगर बोटीच्या लांबीला लागतो त्याहून एक माप मोठा असावा. १० मिलिमीटरची ६० मीटर साखळी म्हणजे सव्वाशे किलोहून जास्त वजन, त्यामुळे ती ओढणारा विजेचा विंडलास चालतो ना हे प्रत्यक्ष नांगर टाकून, उचलून बघा. बटण दाबून मोटरचा आवाज ऐकला म्हणजे झालं असं नाही.

सातवी पायरी: सर्व्हेयर आणि समुद्रातली चाचणी

बोट आवडली तर लेखी प्रस्ताव द्यायचा: ‘सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाल्यास.’ सोबत साधारण दहा टक्के इसार. हे शब्द कागदावर नसतील तर इसार देऊ नका. सर्व्हेयरचे, म्हणजे बोट तपासून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाचे, आणि बोट बाहेर काढण्याचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे असतात, दलालाचं कमिशन विकणाऱ्याने.

इथेच आमचा हात पोळला. पहिल्या वेळी दलालानेच सुचवलेला सर्व्हेयर आम्ही घेतला. त्याचा अहवाल बत्तीस पानी, रंगीत फोटो, मथळे, सगळं व्यवस्थित. डेक ओला असल्याचं त्यात एका ओळीत, ‘काही ठिकाणी आर्द्रता किंचित जास्त’ एवढंच लिहिलं होतं. ती किंचित आर्द्रता खोदून काढायला दीड वर्ष आणि बोटीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे लागले. सर्व्हेयर स्वतः शोधा, तो त्या दलालाची कामं नेहमी करत नाही ना बघा, आणि पाहणी चालू असताना दिवसभर त्याच्यासोबत थांबा. कागदावर तो जपून लिहितो. बोट क्रेनला लटकलेली असताना कोणी ऐकत नसलं की खरं बोलतो.

समुद्रातल्या चाचणीत इंजिन पूर्ण वेगाने पंधरा मिनिटं चालवा आणि तापमानाच्या काट्यावरून नजर हटवू नका. सगळी शिडं चढवून बघा, वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना वळवून बघा. कललेल्या बोटीत खाली जाऊन सगळी दारं-कप्पे उघडा, तळात पाणी येतंय का बघा. वारा नसलेल्या दिवशी चाचणी आटोपायची घाई विकणारा करतो. दुसरा दिवस मागून घ्या.

अहवालातल्या प्रत्येक दोषावर घासाघीस करू नका. तीन मोठे दोष निवडा, त्यांच्या दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक घ्या आणि तेवढीच रक्कम कमी करायला सांगा. चाळीस वर्षांच्या बोटीत चाळीस दोष असणारच, हे तिच्या मालकालाही माहीत असतं.

आठवी पायरी: कागद, झेंडा, पैसा

बोटीच्या पाठीवर उजवीकडे हलचा, म्हणजे बोटीच्या धडाचा, क्रमांक कोरलेला असतो. तो नोंदणीच्या कागदाशी जुळतो का बघा. आधीच्या प्रत्येक विक्रीचं खरेदीखत मागा, साखळीत एकही कडी तुटलेली नको. बोट नवरा-बायकोच्या नावावर असेल आणि दोघं वेगळे राहत असतील तर दोघांच्या सह्या हव्यात. कर्जाचा बोजा नाही याचं पत्र हवं, जुन्या नोंदणीतून नाव कमी केल्याचा दाखला हवा. युरोपातली बोट असेल तर व्हॅट भरल्याचा पुरावा मूळ स्वरूपात हवा, नाहीतर तो कर तुमच्या गळ्यात पडू शकतो.

झेंड्याचा प्रश्न भारतीय पासपोर्टवाल्यांनी अगदी सुरुवातीला सोडवायला हवा. विकणारा अमेरिकन असेल तर ‘झेंडा तसाच ठेवा’ म्हणून सांगेल, पण अमेरिकेची केंद्रीय नोंदणी अमेरिकन नागरिकालाच मिळते. बहुतेक देशांत झेंडा नागरिकत्वाशी किंवा वास्तव्याशी बांधलेला असतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांना हे सोपं जातं. बाकीच्यांनी इसार देण्याआधी नोंदणीचं काम करणाऱ्या वकिलाशी किंवा एजंटशी बोलावं. विम्याचंही तसंच. तुमचा अनुभव, बोटीचं वय आणि फिरण्याचा पट्टा सांगून आधी लेखी होकार घ्या, कारण बहुतेक मरिना निदान दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा असल्याशिवाय बांधायला जागा देत नाहीत.

भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. कारण काय लिहायचं हे बँकेला आधी विचारा, आणि पाठवतानाच कापला जाणारा टीसीएस हा कर विवरणपत्रात वळता होईपर्यंत तेवढे पैसे अडकतात हे हिशोबात धरा. बोट भारतात आणून ठेवायचा विचार असेल तर सीमाशुल्काचा सल्ला वेगळा घ्या. पासपोर्टमुळे फिरण्याचं वेळापत्रकही बदलतं. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, बोट तिथे असली तरी. वारा कधी सुटतो याइतकंच व्हिसा कधी संपतो हे तक्त्यावर लिहून ठेवावं लागतं.

नववी पायरी: पहिले तीन महिने

ताबा मिळाल्यावर लगेच कुठेही जायचं नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक सीकॉकला त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. प्रत्येक तार आणि नळी शोधून तिला चिठ्ठी लावा, हे तुमच्या बोटीचं पाठांतर आहे. इंजिनाचं तेल, सगळे फिल्टर आणि पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा स्वतःच्या हाताने बदला, मेकॅनिक शेजारी उभा राहिला तरी चालेल, पाना तुमच्या हातात हवा. किराणा आणाल तेव्हा पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच टाकून या. झुरळांची अंडी पुठ्ठ्याच्या घड्यांतून बोटीवर येतात आणि एकदा आली की भाडं न देता कायमची राहतात. डाळ-तांदूळ घट्ट झाकणाच्या बरण्यांत.

महिनाभर बेटाच्या आडोशाला नांगर टाकून राहा. मग एका रात्रीचा प्रवास, मग दोन रात्रींचा. लंगकावीहून फुकेत हा सरावाचा चांगला पट्टा, वाटेत रात्री थांबायला बेटं आहेत. मोठी उडी मारायची ती डिसेंबर ते मार्चमध्ये, ईशान्येचा वारा स्थिर झाल्यावर. नैर्ऋत्य मोसमी पावसात पश्चिमेकडे जाण्याचा उत्साह कोणी दाखवला तर त्याला चहा पाजून बसवून ठेवा.

आणि एक काम ताबा मिळालेल्या दिवशीच करा, कारण सगळे विसरतात. संकटकाळी उपग्रहाला हाक देणारा जो ईपर्ब बोटीवर असतो, त्याची नोंद आधीच्या मालकाच्या नावावर आणि त्याच्या फोन नंबरवर असते. ती तुमच्या नव्या झेंड्याच्या देशात बदलून घ्या, ईपर्बमधला देशाचा कोडही बदलावा लागतो. नाहीतर कधी बटण दाबायची वेळ आली तर बचाव पथकाचा फोन मध्यरात्री पर्थमधल्या एका सत्तरीच्या आजोबांना जाईल, आणि ते झोपेत सांगतील की ती बोट तर मी केव्हाच विकली.